स्वर्गातून लवकर उतरलेलं हॅम

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी आहेत त्यांनी दार ओढून घ्या, ऊब बाहेर चाललीय. गोष्ट फार मोठी नाही, पण मन लावून ऐकलीत तर पोट भरेल. कारण तिच्यात एक अख्खं हॅम आहे, एक पक्षी आहे, आणि वेस्टफालियातल्या ब्रोकहाइडे नावाच्या वाडीचा एवाल्ड टेरब्रुगेन आहे. एवाल्डला लोक हसतात त्यापेक्षा जास्त तो स्वतःच स्वतःला हसतो, तेव्हा तुम्ही हसलात तर पाप लागायचं नाही.

तर त्या दिवशी सकाळी एवाल्ड मागच्या दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. ईस्टर त्या वर्षी लवकर येऊन गेलं होतं, एप्रिल नुकता लागला होता आणि गवतावर पांढरं दंव होतं. अंगात हिवाळी कोट, कोटावर बायकोची शाल, आणि डोक्यावरची लोकरी टोपी कान मोकळे राहावेत म्हणून वर दुमडलेली. कान गारठून लालबुंद झाले होते. एवाल्ड कुकू पक्ष्याची वाट बघत होता.

कुकूची वाट कशाला, असं ब्रोकहाइडेत कुणी विचारत नाही. हिवाळा लागला की डुक्कर कापायचं, त्याच्या मागच्या मांड्यांना मीठ चोळायचं, आणि चुलीवरच्या धुराच्या माळ्यात त्या टांगून द्यायच्या. या माळ्याला आम्ही स्वर्ग म्हणतो. आमचे फादर नीहुस म्हणत, की वेस्टफालियात डुकराला माणसाच्या आधी स्वर्ग मिळतो, आणि त्याला पापांची कबुलीही द्यावी लागत नाही. हिवाळाभर खालून धूर लागतो, वरून गार वारा, आणि मांडी हळूहळू काळपट, घट्ट, सुगंधी होत जाते. खालून येणारा-जाणारा मान वर करून एक श्वास घेतो आणि मुकाट पुढे जातो. कारण पावशानं 'पेरते व्हा' म्हटल्याशिवाय जशी तिफण निघत नाही, तसा वसंतातला पहिला कुकू बोलल्याशिवाय त्या हॅमला सुरी लावायची नाही. जो आधी कापील, त्याला पुढच्या वर्षीचा कुकू ऐकायला मिळणार नाही, असं वाडीतल्या म्हाताऱ्या सांगत. म्हणजे काय, ते पोराटोरांनाही कळे.

ब्रोकहाइडेचा त्यात आणखी एक नियम होता. कुकू ऐको कुणीही, पण धरायचा तो वाडीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या पुरुषानं ऐकलेला. त्यानं लाकडी मोगरी घ्यायची, घरोघरची दारं ठोकायची, मग सगळ्यांनी आपापली हॅम खाली उतरवायची. पहिली सुरी मात्र त्याच्याच घरी लागायची, आणि सगळी वाडी त्याच्याच टेबलावर जेवायची. हा मान गेली काही वर्षं एवाल्डकडे होता.

दर वर्षी तो आणि त्याची बायको थेक्ला या बाकावर बसून कॉफी पीत. एखाद्या सकाळी थेक्ला कप खाली ठेवी आणि म्हणे, "ऐकलंस का?" एवाल्ड म्हणे, "ऐकलं की." आणि मोगरी आणायला उठे. यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्या वर्षी मात्र थेक्ला आपले गुडघे घेऊन गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेली, आणि बाकावर एकटा बसल्यावर एवाल्डच्या ध्यानात आलं, की बागेतली चिमणी चोच उघडते, मिटते, पण आवाज काही येत नाही. त्याला आधी वाटलं, चिमणी आजारी आहे. मग पुतण्याचा कोंबडा आजारी वाटला. मग लांबच्या शेतातून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर गेला, तोही मुकाट. ट्रॅक्टर आजारी पडला की उलट जास्त आवाज करतो, हे एवाल्डला ठाऊक होतं. तेव्हा मात्र तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला.

जवळचं, खणखणीत असं त्याला ऐकू येई. लांबचं, मऊ असं सगळं कधीतरी न सांगता निघून गेलं होतं.

आता बहिरा म्हणवून घ्यायला एवाल्डची तशी हरकत नव्हती. टक्कल पडलं तेव्हा त्यानंच पहिला विनोद केला होता, आणि दात पडले तेव्हाही. पण कानांवर त्याची एक गोष्ट टांगलेली होती. फादर नीहुस रविवारचं प्रवचन बोलत नसत, गात. एक ओळ गायची आणि थांबायचं. मग प्रवचनपीठाच्या पायरीशी उभ्या असलेल्या एवाल्डनं ती ओळ खालच्या भरदार आवाजात उचलायची, झील धरायची, आणि त्याच्या मागून वरच्या सज्जातलं सगळं गाणारं मंडळ उठायचं. ते ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा. रोजच्या रडगाण्यात बुडालेला माणूससुद्धा त्या झिलीनं दोन बोटं वर यायचा. एवाल्डला मूलबाळ नव्हतं, शेत पुतण्याकडे गेलं होतं, गायी विकल्या होत्या. उरली होती ती एवढी झील.

आणि मंडळाची नवी मुख्य, मेख्टिल्ड, ईस्टरच्या आधीच बोलली होती की हल्ली झील उशिरा पडतेय, कुणाचे तरी कान गेलेत, सण आटोपला की एकेकाला बोलावून तपासणार. मेख्टिल्ड तरुण होती आणि तिच्या कानांबद्दल वाडीत दरारा होता. सुई पडली तर ती कुठल्या सुरात पडली हे ती सांगे. तेव्हा यंदा वाडीच्या म्होरक्याला कुकूच ऐकू आला नाही, एवढं बाहेर फुटलं की झील गेली. म्हणून एवाल्ड दंवात कान उघडे टाकून बसला होता. जणू कानांना थंडी वाजली की ते आपोआप कामाला लागतील.

तेवढ्यात त्याला समोरच्या अंगणात क्लेमेन्स दिसला. क्लेमेन्स त्याचा पहिला शेजारी. आमच्याकडे पहिला शेजारी म्हणजे बारशाला पुढे आणि मरणाला खांद्याशी. मधल्या काळात भांडायची मुभा असते. तर हा क्लेमेन्स धारेच्या चाकाशी बसून हॅम कापायच्या लांब, निमुळत्या सुरीला धार लावत होता, आणि मधूनच मान वर करून आपल्या धुराड्याकडे बघत होता.

एवाल्डनं मनात हिशेब मांडला. सुरीला धार, म्हणजे कुकू बोलला. क्लेमेन्सनं ऐकला आणि बिचारा आपल्या मानासाठी थांबलाय. मग त्याला आठवलं, काल कुंपणापाशी पलीकडच्या घरची वालबुर्गा वर झाडाकडे बघून हसत होती. म्हणजे तिनंही ऐकला. सगळ्या वाडीनं ऐकला, सगळे आपापल्या स्वर्गाखाली जिभल्या चाटत उभे आहेत, आणि दयेपोटी कुणी काही बोलत नाही. दया ही गोष्ट ब्रोकहाइडेत फार दिवस गुप्त राहत नसते. एवाल्ड उठला, आत गेला, आणि मोगरी घेऊन बाहेर आला.

"क्लेमेन्स, बोलला," तो म्हणाला.

"कोण?"

"आता एप्रिलमध्ये कोण बोलणार? कुकू."

चाक थांबलं. क्लेमेन्सनं एवाल्डकडे पाहिलं, मोगरीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरसर उतरलं आणि पुन्हा चढलं. "हो तर," तो म्हणाला. "मी मघाशीच ऐकला. म्हटलं, बघू या, एवाल्डला कधी ऐकू येतो ते."

एवाल्डला एवढं हलकं वाटलं की त्यानं क्लेमेन्सचं दार उगाचच दोनदा ठोकलं. पुढचं घर वालबुर्गाचं. ही विधवा बाई वाडीत घडलेली कुठलीही गोष्ट आपल्याला उशिरा कळली असं कधी कबूल करत नसे. तिनं दार उघडलं आणि एवाल्डला बोलूही दिलं नाही. "माहितीय मला. दोनदा ऐकला. एकदा तर माझ्याकडे तोंड करून."

पुढच्या घरांतही हेच. कुणी पाव भाजताना ऐकला होता, कुणी दाढी करताना. वाडीत साठीच्या आतलं माणूस शोधूनच काढावं लागे, आणि मेख्टिल्डच्या तपासणीची बातमी सगळ्यांना होती, हे दोन धागे एवाल्डनं त्याच वेळी जोडायला हवे होते. पण सुटका झालेला माणूस धागे जोडत बसत नाही. उलट दुपारपर्यंत एक भांडणही उभं राहिलं. क्लेमेन्स म्हणे, कुकू ओकाच्या झाडावरून बोलला. वालबुर्गा म्हणे, दफनभूमीतल्या लिंडेनवरून. ओकावर तो बसेलच कशाला, तिथं कावळ्यांची वस्ती. शब्द वाढत गेले, जुन्या बांधाची हद्द निघाली, क्लेमेन्सच्या आजोबांचं नाव निघालं. शेवटी दोघं निवाड्याला एवाल्डकडे आली. एवाल्डनं डोळे मिटून क्षणभर आठवल्यासारखं केलं आणि सांगितलं, की पहिल्यांदा ओकावर बोलला, मग उडून लिंडेनवर गेला. दोघांचं समाधान झालं. आपण एवढे न्यायी आहोत हे एवाल्डला त्या दिवशीच कळलं.

संध्याकाळच्या आत क्लेमेन्स शिडी धरायला आला. एवाल्ड वर चढला, काळपट, जड, धुरकट हॅम कुशीत घेऊन एकेक पायरी उतरू लागला, आणि कृतज्ञतेनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं तू सकाळीच धार लावायला बसलास. त्यावरूनच मला..." आणि तो थांबला.

क्लेमेन्स आपल्याच तंद्रीत होता. "ती होय? ती मी दर वर्षी ईस्टर झालं की लावून ठेवतो. कुकू यायला अजून तसे दोन..." आणि तोही थांबला.

एक शिडीच्या मध्यावर, एक शिडीच्या तळाशी. दोघांच्या मध्ये हॅम होतं म्हणून बरं. नाहीतर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

"जड आहे," क्लेमेन्स म्हणाला.

"जड आहे," एवाल्ड म्हणाला.

आणि त्या विषयावर पहिल्या शेजाऱ्यांचं बोलणं तिथंच संपलं.

पण खाली उतरवलेलं हॅम पुन्हा स्वर्गात चढवता येत नाही. ते देवालाही दिसतं आणि धुराड्यातल्या धुरावरून वालबुर्गालाही. एवाल्ड दुसऱ्या दिवशी फादरांकडे गेला. म्हटलं, रविवारी ठरलेलं वाडीचं जेवण जरा पुढे ढकलू. फादर नीहुस दारातच त्याचे हात हातात घेऊन म्हणाले, की कुकूच्या निमित्तानं नवं पद रचायला घेतलंय, चाल जमली आहे, रविवारी टेबलावरच गाऊ, झील तुझीच. एवाल्डनं आपलं म्हणणं पुन्हा एकदा मांडून पाहिलं. फादर हसून म्हणाले, "हो हो, मोहरीची चटणी मी आणीन." एवाल्डला वाटलं, हे देवमाणूस आपल्याच सुरात रमलंय. तो परत आला.

खरा घाव शुक्रवारी बसला. मेख्टिल्ड कुंपणाचं फाटक उघडून आत आली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली. एवाल्डला वाटलं, आली तपासणी. त्यानं पाठ ताठ केली आणि तिच्या ओठांवर नजर ठेवली.

"एवाल्डकाका, तो नेमका कधी बोलला?"

"सकाळी. कॉफीच्या आधी."

"तेव्हा मी खिडकी उघडी टाकून सूर लावत होते." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी नाही, काल नाही, आज नाही. वाडीतल्या सगळ्यांना आला. वालबुर्गामावशींना दोनदा."

"वारा उलटा असला की..." एवाल्ड म्हणाला.

"वारा नव्हता, काका. माझ्या आईचे कान माझ्याच वयात गेले. आधी पक्षी गेले, मग व्हायोलिन, मग मी." ती हसली, पण ते हसणं कुठं पोचलं नाही. "आणि मी दुसऱ्यांचे कान तपासायला निघाले होते. फादरांना सांगितलंय, रविवार झाला की मंडळ दुसऱ्या कुणाकडे द्या."

ती गेली, आणि एवाल्डच्या ध्यानात आलं. एक शब्द न बोलता त्याची झील वाचली होती. तपासणी नाही, मेख्टिल्ड नाही, कुणी काही विचारणार नाही. मनातला एक एवाल्ड म्हणाला, गप्प बस, देवानंच वाट काढली. दुसरा म्हणाला, देवानं काढलेल्या वाटेवर एक पोर रडत चाललेली असते का रे, गाढवा? एवाल्ड आयुष्यभर स्वतःला गाढव म्हणत आला होता, पण ते लाडानं. आज पहिल्यांदा तो शब्द आपल्या मापाचा आहे असं त्याला वाटलं.

तो आत गेला. हॅम टेबलावर कापडावर पडलं होतं आणि त्याच्याकडे बघत होतं. हॅमला डोळे नसतात हे खरं. पण पाप्याला काय, भिंतीलाही असतात. एवाल्डनं ठरवलं, रविवारी सुरी लावायच्या आधी उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. क्लेमेन्सचं नाव घ्यायचं नाही, वालबुर्गाचं घ्यायचं नाही, फक्त आपलं. त्यानं ते भाषण हॅमपुढे बसून पाठ केलं. हॅमनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वाडीत एवढा चांगला श्रोता दुसरा नव्हता.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळी वाडी एवाल्डच्या घरी लोटली. टेबलावर काळा पाव, लोणी, काकडीचं लोणचं, राय धान्याची कडक दारू, फादरांची मोहरी, आणि मधोमध ते. चूल एवढी पेटवली होती की खिडकी उघडावी लागली. मेख्टिल्ड टेबलाच्या टोकाशी बसली होती, निरोप घ्यायला आलेल्या पाहुण्यासारखी. क्लेमेन्स कुणाकडे बघत नव्हता आणि त्याचा एक गाल किंचित फुगलेला होता. लोक बसताहेत तोच बाहेर बस थांबली, आणि थेक्ला हातात बॅग घेऊन दारातून आत आली. नवरा, शेजारी, टेबल, हॅम, सगळं तिनं एका नजरेत घेतलं, काही विचारलं नाही, एवाल्डच्या शेजारी बसली आणि कॉफीचा कप पुढे ओढला.

एवाल्ड उभा राहिला. हातात सुरी होती. "सुरी लावायच्या आधी मला एक सांगायचंय," तो म्हणाला.

पण फादर नीहुसही त्याच क्षणी डोळे मिटून उभे राहिले होते, आणि त्यांनी गायला सुरुवातही केली. फादर गायला लागले की वेस्टफालियात माणूस बोलत नाही. देव बोलला तरी ओळ संपायची वाट बघतो.

"धुरात टांगलंस देवा, पण आगीत नाही टाकलंस,
मीठ चोळलंस, पण टिकवलंस, नासू नाही दिलंस,
कधी उतरवशील, कुणी कापील, तूच जाणशील ती वेळ,
तुझ्याच वेळी, देवा, तुझ्याच वेळी..."

आणि फादर थांबले. डोळे उघडले, हात उचलला, एवाल्डच्या तोंडाकडे बघू लागले. आता झील यायची. पण 'तुझ्याच वेळी' हे शब्द उचलायला एवाल्डचं तोंड उघडेना. ज्यानं देवाची वेळ मोगरीनं ठोकून अलीकडे ओढली, त्यानं हे गायचं कुठल्या तोंडानं?

आणि त्या शांततेत, उघड्या खिडकीतून, ओकाच्या बाजूनं, पहिला कुकू बोलला. आणि परत बोलला.

थेक्लानं कप खाली ठेवला. "ऐकलंस का?" ती म्हणाली.

"ऐकलं की," एवाल्ड म्हणाला.

म्हणाला, सुरी खाली ठेवली, भिंतीवरची मोगरी काढली आणि दाराकडे चालू लागला. डोकं त्यात कुठं नव्हतंच. पाय गेले, हात गेले, इतक्या वर्षांची सवय गेली. त्यानं कडीला हात घातला, आणि मागून वालबुर्गा म्हणाली, "अरे एवाल्ड, कुणाचं दार ठोकायला चाललास? सगळी वाडी इथं बसलीय."

एवाल्ड वळला. सगळे त्याच्याकडे बघत होते, मोगरीकडे बघत होते. मग सगळ्यांच्या माना हळूहळू मेख्टिल्डकडे वळल्या, कारण ती दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

"मला आला," ती म्हणत होती. "मला ऐकू आला. दोनदा."

"दोनदा मी ऐकला होता," वालबुर्गा म्हणाली.

"तेव्हाचं नाही मावशी, आत्ता."

"आत्ता? आत्ता कुठं बोलला?" वालबुर्गानं विचारलं, आणि विचारल्यावर आपण काय विचारलं ते तिच्या ध्यानात आलं. तिनं लोणच्याची बशी जवळ ओढली आणि त्यात फार लक्ष घातलं.

एवाल्ड मोगरी छातीशी धरून टेबलापाशी आला. पाठ केलेलं भाषण हॅमपाशीच राहिलं होतं. "मेख्टिल्ड, तुझे कान शाबूत आहेत," तो म्हणाला. "तो आज आलाय. त्या दिवशी बोलला तो मी. माझे कान गेलेत, पोरी. एवढे गेलेत, की कुकू आलेला मला दर वर्षी थेक्ला सांगते. आणि ती सांगते म्हणून मला कळतं, हे कळायलासुद्धा तिचे गुडघे दुखावे लागले."

थेक्ला टेबलाकडे बघून गालात हसली. ते तिला केव्हापासून माहीत होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

क्लेमेन्सला तेवढ्यात जोराचा ठसका लागला. शेजाऱ्यांनी पाठीत बुक्के घातले तेव्हा त्याच्या तोंडून हॅमचा तुकडा बाहेर पडला. या टेबलावर तर सुरी लागलीच नव्हती, म्हणजे तो घरून निघतानाच कापून आला होता. "मला वाटलं, एवाल्डनं ऐकला आणि मलाच आला नाही," तो डोळे पुसत म्हणाला. "मग म्हटलं, एकट्यानं बहिरं व्हायचं कशाला?" यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माना हलल्या. ज्यानं पाव भाजताना ऐकला होता त्यानं, आणि ज्यानं दाढी करताना ऐकला होता त्यानंही.

या सगळ्यात फादर नीहुस मात्र हात तसाच उचलून उभे होते. आता ते जरा रागावल्यासारखे म्हणाले, "पण झील कुठाय? एवाल्ड, तुझं तोंड हलेना. मी पुढचं कडवं घेऊ कसं?"

मेख्टिल्डनं मान वर केली.

"फादर," मेख्टिल्डनं सावकाश विचारलं, "तुम्ही काकांचं तोंड बघून कडवं घेता?"

फादरांना ऐकू गेलं नाही. तिनं उठून, जवळ जाऊन, मोठ्यानं विचारलं. फादर लाजले. "आता काय लपवायचं," ते म्हणाले. "गेली किती वर्षं. एवाल्डची झील संपली की नाही ते मला ऐकू येत नाही. पण त्याचं तोंड मोठं आहे, देवाची कृपा, त्यावरून चालतं."

"आणि काका, तुम्ही?"

एवाल्डनं मोगरी खाली ठेवली. "मी फादरांचं तोंड बघतो," तो म्हणाला. "ते मिटलं की मी उचलतो."

मेख्टिल्डनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. एक म्हातारा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबलेला, दुसरा पहिल्याच्या. आणि मध्ये सगळं चर्च ताटकळत. सज्जात उभी राहून ती वर्षभर मंडळातल्या बिचाऱ्या बायकांना रागावत होती. "म्हणून उशीर होतो," ती म्हणाली.

"देवाला उशीर चालतो," फादर म्हणाले. एवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. "पदातच आहे तसं."

मग थेक्लानं कप पुन्हा उचलला आणि म्हणाली, की हॅम थंड होत नाही हे खरं, पण माणसं होतात. क्लेमेन्सनं सुरी एवाल्डच्या हातात दिली. कुकू बोलला होता, वडीलधाऱ्याला कळला होता, आणि या हॅमला सुरी अजून लागलेली नव्हती. नियम कुठंच मोडला नव्हता, क्लेमेन्सच्या घशात सोडून. एवाल्डनं पहिला काप काढला. खरं सांगायचं तर ते खारट होतं, आत जरा ओलं होतं, आणखी दोन आठवडे त्याला स्वर्गात राहू द्यायला हवं होतं. सगळ्यांनी सांगितलं, लोण्यासारखं झालंय. बहिरे तर आम्ही होतोच. आता जीभही गेली.

मेख्टिल्डनं मंडळ सोडलं नाही, आणि तपासणीचं नाव पुन्हा काढलं नाही. काढलं असतं तर बाजा वाजवणारा आणि ती, दोघंच उरली असती. तिनं एवढंच केलं, की पुढच्या रविवारी थेक्लाला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिच्या हातात एक पांढरा रुमाल दिला. फादरांची ओळ संपली की थेक्लानं रुमाल वर करायचा, एवाल्डची झील संपली की खाली. थेक्लाला एक सूर धड लावता येत नसे, गाण्यात तिला कुणी कधी घेतलं नव्हतं. पण त्या रविवारपासून आमच्या चर्चमधलं सगळं गाणं तिच्या रुमालावर चाललं, आणि वेळेवर चाललं. देवालाही जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल.

थेक्लाला जाऊन आता काही वर्षं झाली. ज्या स्वर्गात धूर नाही तिथं ती आहे. रुमाल वालबुर्गाकडे आलाय, आणि ती तो दर ओळीला दोनदा हलवते. एवाल्ड अजून आहे, अजून झील धरतो. एप्रिल लागला की मागच्या दाराबाहेर बाकावर दोन कप घेऊन बसतो, आणि वाडीतलं कुणीतरी कुंपणाशी येऊन हात हलवेपर्यंत उठत नाही.

तर मंडळी, आता उठाल, आपापल्या घरी जाल. कधी सकाळी बाहेर बसला असाल, आणि कुकू म्हणा, पावशा म्हणा, वर्षातला पहिला पक्षी बोलला, तर कप खाली ठेवा आणि शेजारच्या रिकाम्या जागेला हळूच विचारा, "ऐकलंस का, थेक्ला?" एवढी तिची आठवण असू द्या. पक्षी ऐकू आला नाही तरी विचारा. एवाल्ड तसंच करतो.